ओपीडीत पहिल्यांदा उभं राहण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की सोलापूर शहरातल्या डॉक्टरांना ओळखीपाळखीतून एकाच मागणीचे फोन सुरू होतात. "मुलगी अकरावी सायन्सला आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. चार दिवस तुमच्या ओपीडीत बसू द्याल का?" मागणी रास्त आहे. नीट या प्रवेश परीक्षेच्या तयारीत मुलाची दोन वर्षं आणि घरची मोठी रक्कम घालण्याआधी डॉक्टरचा दिवस कसा जातो हे त्याने डोळ्यांनी बघावं, असं आम्हांलाही वाटतं. अडचण वेगळीच आहे. ही मुलं येतात ती काहीही तयारी न करता. एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्या मुलांना २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच फाउंडेशन कोर्स असतो. पेशंटसमोर कसं वागायचं, हात कसे धुवायचे, कोणती गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे तिथे शिकवलं जातं. शाळा-कॉलेजच्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला थेट डॉक्टरशेजारची खुर्ची मिळते. समोर बसलेला माणूस आजारी असतो, आणि त्याने या मुलाला बोलावलेलं नसतं. म्हणून मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि आमच्या व्यवसायबंधूंसाठीही हे पत्र लिहीत आहोत. थोडं लांबलं आहे, पण शक्यतो पूर्ण छापावं ही विनंती.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे जन्मगाव. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या इथल्या मुलाच्या मनात १९३८ मध्ये चीनला गेलेले कोटणीस असतात, युद्धभूमी असते, रात्रंदिवस चाललेल्या शस्त्रक्रिया असतात. ओपीडीत मात्र त्याला दिसतो साठीचा एक माणूस. त्याने बीपीच्या गोळ्या महिन्यापूर्वीच बंद केलेल्या असतात आणि ते सांगायला तो तयार नसतो. डॉक्टर न रागावता ते त्याच्याकडून काढून घेतात. यात बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण तयारी नसली तर मूल अर्ध्या तासात कंटाळतं आणि मोबाईल काढतं.

पहिल्या वेळी कुणाकडे जावं, याचं आमचं उत्तर ठाम आहे: जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांकडे. रेल्वे लाईन्समधल्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयरोगतज्ज्ञांच्या मागे उभं राहायची हौस मुलापेक्षा पालकांनाच जास्त असते. तिथे निम्मं बोलणं रिपोर्टांच्या भाषेत चालतं. अकरावीच्या मुलाच्या हाती त्यातून फारसं लागत नाही. फॅमिली डॉक्टरकडे एका सकाळीत ताप, गुडघेदुखी, मधुमेह, लहान बाळाचे जुलाब, परीक्षेच्या धास्तीने पोट दुखणारा मुलगा असं सगळं भेटतं. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या मुलांनी आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून बघावं, तेही शक्यतो लसीकरणाच्या दिवशी. सिस्टर कुपी हातात घेतात आणि टोचण्याआधी तिच्यावरची गोल खूण बघतात. गोलातला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका असेल तरच लस चालते. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की ती उष्णतेने खराब झालेली असू शकते आणि बाजूला टाकावी लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही खूण बघणं किती महत्त्वाचं, हे मुलाला तिथे उभं राहिल्यावर समजतं.

एका दिवसात आठ तास बसण्यापेक्षा लागोपाठ तीन-चार दिवस, रोज तीन तास बसावं. पहिल्या दिवशी ताप घेऊन आलेला पेशंट तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन परत येतो. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काय धरून चाललं होतं, रिपोर्टाने काय बदललं, औषध का थांबवलं, हे तेव्हाच दिसतं. एकाच दिवशी येऊन गेलेल्या मुलाच्या वाट्याला नुसती सुरुवात येते.

कागदपत्राची बाब थोडक्यात. खासगी डॉक्टर ओळखीचे असले तरी अर्ध्या पानाचा लेखी अर्ज द्यावा: नाव, वर्ग, तारखा, वेळ, आणि "मी फक्त बघेन, कुणाला हात लावणार नाही, इथलं काहीही बाहेर सांगणार नाही" एवढी हमी. वय अठराच्या आत असेल तर पालकांची सही हवी. सिव्हिलमध्ये जायचं असेल तर अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे करावा, कॉलेजचं बोनाफाईड जोडावं आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा. परवानगी देणं न देणं त्यांच्या हातात आहे. वॉर्डातल्या ओळखीच्या माणसाच्या आधाराने मागच्या दाराने शिरू नये. उद्या काही झालं तर त्या माणसाची नोकरी अडचणीत येते.

आता कपडे, म्हणजे खरं तर ॲप्रन. पालकांनो, ॲप्रन शिवू नका. बारावीही न झालेल्या मुलाच्या अंगावर पांढरा ॲप्रन दिसला की पेशंट त्याला डॉक्टर समजतो. "ओ डॉक्टर, ही गोळी जेवणाआधी का नंतर?" असं व्हरांड्यात विचारतो, आणि गोंधळलेलं मूल काहीतरी उत्तर देऊन बसतं. ते उत्तर पेशंट घरी जाऊन पाळतो. त्याऐवजी साधे, स्वच्छ, इस्त्रीचे कपडे घालावेत आणि छातीवर मोठ्या मराठी अक्षरांत "विद्यार्थी, फक्त निरीक्षण" असं कार्ड लावावं. बाह्या कोपराच्या वर दुमडता येतील अशा असाव्यात, म्हणजे हात नीट धुता येतात. अंगठी, कडं, दोरे, घड्याळाचा कापडी पट्टा काढून ठेवावा. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही. केस बांधलेले, ओढणी पिन केलेली. पायांत बंद बूट, चप्पल नको, कारण जमिनीवर रक्त, औषध, फुटलेल्या काचेची कुपी, काहीही असू शकतं. अत्तर लावू नये. दम्याच्या पेशंटला त्याचा त्रास होतो.

खिशात मावेल अशी एक वही, दोन पेनं आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ, एवढं पुरे. स्टेथोस्कोप विकत घेऊ नये, उसना आणून गळ्यात तर मुळीच घालू नये.

जाण्याआधी लसीकरणाचं कार्ड शोधून बघावं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन घेतलं का, गोवराची लस झाली का, कांजिण्या येऊन गेल्या का. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांनी ती घेतलेली नसते. तसं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. हिपॅटायटिस बीचा मोठ्यांचा कोर्स शून्य, एक आणि सहा महिने असा असतो. दिवाळीत बसायचं ठरवून ऑक्टोबरात लस घ्यायला धावून उपयोग नाही. आणि मुलाला स्वतःलाच सर्दी, ताप, जुलाब असतील तर त्या दिवशी घरी राहावं. ओपीडीत केमोथेरपी घेणारे, डायलिसिसवर असलेले लोक येतात. मुलाची साधी सर्दी त्यांना जड जाऊ शकते.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आता. पेशंटची परवानगी.

डॉक्टरांनी मुलाला बसू दिलं म्हणजे पेशंटने दिलं असं होत नाही. प्रत्येक पेशंटला वेगळं विचारावं लागतं. बहुतेक ठिकाणी पेशंट आत येतो, मूल आधीच खुर्चीवर बसलेलं असतं, आणि डॉक्टर म्हणतात, "ही बसली तर चालेल ना?" मुलीच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? आपल्याकडची वयस्क बाई हमखास म्हणते, "असू दे की, लेकरू आहे." आणि मग जे सांगायला आली होती ते सांगतच नाही. अंगावरून जातंय हे सांगायचं असतं, ती कंबर दुखते एवढंच सांगून गोळ्या घेऊन जाते. त्या भेटीत झालेलं नुकसान कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून परवानगी बाहेरच, नोंदणीच्या वेळी, सिस्टर किंवा रिसेप्शनवरच्या माणसाने घ्यावी, मूल समोर नसताना. शब्द साधे हवेत: "आत एक अकरावीची विद्यार्थिनी शिकायला बसली आहे, ती फक्त बघते. तुम्हांला चालेल का? नको असेल तर ती बाहेर थांबेल, तुमच्या तपासणीत काही फरक पडणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नये. पुष्कळ लोकांना वाटतं की नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील.

हो म्हटलेला पेशंटही आत आल्यावर अवघडू शकतो. मुलाने ते ओळखायला शिकावं. बाई पदर ओढून घेते, पुरुष डॉक्टरच्या अगदी जवळ सरकून हळू बोलू लागतो, कुणी बोलता बोलता दाराकडे बघतो. अशा वेळी डॉक्टरांनी सांगायची वाट न बघता "मी बाहेर थांबते" म्हणून उठावं. काही प्रसंगी तर नियमच करून टाकावा: पाळी, गरोदरपण, लैंगिक तक्रारी, अंगावरचे कपडे काढून तपासणी, घरातली मारहाण, आत्महत्येचा विचार, कॅन्सरचं निदान सांगणं, एचआयव्हीचा रिपोर्ट. यातलं काही निघालं की मूल बाहेर. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ती कळणं हेही उघड होणंच आहे. ज्या मुलाला वारंवार बाहेर जावं लागतं त्याला काही कमी शिकायला मिळतं असं आम्हांला वाटत नाही.

सोलापूरची आणखी एक खास अडचण आहे. इथल्या ओपीडीत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी चालतेच. पूर्व भागातली आजी तेलुगूच बोलते, डॉक्टरांना ती जेमतेम समजते, आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या घरी तेलुगू बोलतात. मग साहजिकच त्याला दुभाषा केलं जातं. मदत करायला हरकत नाही, पण दोन पथ्यं पाळावीत. एक, आजी म्हणाली तेच आणि तेवढंच सांगावं. "तिला ॲसिडिटी आहे" असं सांगू नये, "छातीत जळजळ होते म्हणते, पहाटे जास्त" असं सांगावं. जळजळ हृदयाचीही असू शकते, आणि तो फरक करणं डॉक्टरचं काम आहे. दोन, औषध कसं घ्यायचं हे सांगायची वेळ आली तर आजीकडून ते परत म्हणवून घ्यावं आणि सिस्टरला ऐकवावं. नाजूक विषय निघाला तर मुलाने दुभाषाचं काम सोडून उठावं. त्यासाठी तीच भाषा बोलणाऱ्या सिस्टर किंवा मावशी शोधता येतात.

आता बघायचं काय? मुलांचं लक्ष रिपोर्टाकडे, प्रिस्क्रिप्शनकडे असतं. ते नंतर. पेशंट दारातून आत येतो तिथपासून सुरुवात करावी. तो कसा चालतो, खुर्चीत बसताना हात टेकतो का, एका दमात पूर्ण वाक्य बोलतो की मधे थांबून श्वास घेतो. अनुभवी डॉक्टर ही सगळी टिपणं पेशंट बसेपर्यंत करून टाकतात, मुलाला मात्र तेवढ्यात काही झाल्यासारखंही वाटत नाही. मग डॉक्टर विचारतात, "काय काम करता?" हा प्रश्न गप्पांचा वाटतो, पण आपल्या शहरात तो तपासणीचा भाग आहे. विड्या वळणाऱ्या बाईची मान आणि कंबर तासन्‌तास वाकून दुखत असते, शिवाय तंबाखूची धूळ नाकातोंडात आणि हातांवर असते. यंत्रमागावर वर्षानुवर्षं काढलेल्या कामगाराला प्रश्न दोनदा विचारावा लागतो, कारण मागांच्या आवाजाने ऐकू कमी झालेलं असतं. त्याने चुकीचं उत्तर दिलं तर तो अडाणी नसतो. त्याला प्रश्नच ऐकू आलेला नसतो. कोणत्या प्रश्नानंतर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न बदलला, हे मुलाने वहीत टिपावं. दिवसातून अशा दोन जागा सापडल्या तरी दिवस सार्थकी लागला.

साधं बीपी मोजणंही नीट बघितलं तर बरंच शिकवतं. नियम असा की पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक घातलेले नाहीत, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको. मोजताना बोलायचं नाही. प्रत्यक्षात पेशंट जिना चढून येतो, शर्टाच्या जाड बाहीवरूनच पट्टा बांधून घेतो, हात लोंबकळत असतो आणि तो रिक्षावाल्याने किती घेतले ते सांगत असतो. हात हृदयाच्या खाली लोंबला की आकडा जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी जास्त येतो. अशा फुगलेल्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते, म्हणून काळजी घेणारे डॉक्टर पहिला आकडा बघून थांबतात, पेशंटला बसवतात आणि पुन्हा मोजतात. हे दुसऱ्यांदा मोजणं मुलाने डोळसपणे बघावं. गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी तेच गळतं.

जाण्याआधी घरी एक सराव करता येतो. आजोबा टीव्ही बघत असताना त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजावी, पूर्ण एक मिनिट. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाची ती साधारण ६० ते १०० असते. नाडी मोजून झाली तरी बोटं तशीच ठेवावीत आणि आता छातीकडे बघत श्वास मोजावेत, तेही पूर्ण मिनिट; साधारण १२ ते २० भरतात. श्वास मोजतोय हे त्यांना आधी सांगू नये. सांगितलं की माणूस जाणीवपूर्वक श्वास घेऊ लागतो आणि आकडा बदलतो. ओपीडीत सिस्टर मनगट धरून जरा जास्तच वेळ उभ्या का राहतात, हे सराव केलेल्या मुलाच्या लगेच ध्यानात येतं.

चक्कर येण्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे, कारण मुलांना त्याचीच सगळ्यात जास्त भीती आणि लाज वाटते. ड्रेसिंगच्या खोलीत मधुमेही पायाची जखम उघडली, गळू फोडलं, की पहिल्यांदा बघणाऱ्याला गरगरणं अगदी स्वाभाविक आहे. रक्त किंवा वेदना बघून शरीराची एक प्रतिक्रिया होते. नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. उपाशी पोट, पाणी कमी, उकाडा आणि गुडघे ताठ करून एका जागी उभं राहणं, या चार गोष्टींनी ती शक्यता वाढते. म्हणून घरून खाऊन निघावं, भाकरी-भाजी असो की उप्पीट, आणि निघताना दोन पेले पाणी प्यावं. उभं राहताना गुडघे किंचित सैल ठेवावेत, पायाची बोटं आणि पोटऱ्या अधूनमधून हलवाव्यात. घाम फुटणं, मळमळ, जांभया, कानात गुणगुण, डोळ्यांपुढे अंधारी ही आधीची सूचना असते आणि ती बहुधा काही सेकंद तरी आधी मिळते. तेवढ्यात "मला बसायचंय" एवढं म्हणावं आणि जिथे आहोत तिथेच खाली बसावं, शक्य तर आडवं होऊन पाय वर घ्यावेत. बाहेर जाऊन बघतो म्हणून व्हरांड्याकडे चालू लागू नये. मुलं पडतात ती वाटेतच, आणि फरशीवर डोकं आपटतं. लक्षणं जाणवताच मांड्या, पोट आणि हातांच्या मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळाव्यात, वीस-तीस सेकंद सोडाव्यात, असं चार-पाच वेळा करावं. त्याने रक्तदाब टिकतो. ज्याला एकदा चक्कर आली त्याने डॉक्टर होऊ नये, असा अर्थ पालकांनी काढू नये. सवयीने बहुतेकांचं हे कमी होतं.

जखमेच्या वासाचंही तसंच. नाकाला रुमाल लावू नये, तोंड वाकडं करू नये. आपल्या पायाला वास येतो हे त्या माणसाला माहीत असतं आणि म्हणूनच तो आठ-आठ दिवस दवाखान्यात येत नाही. सहन होत नसेल तर ड्रेसिंग सुरू होण्याआधीच बाहेर थांबावं.

हात धुण्याबद्दल मुलांना वाटतं, आपण कुणाला हात लावतच नाही. पण दाराची कडी, खुर्ची, टेबल, केसपेपर आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःचा मोबाईल, यांना हात लागतोच. सॅनिटायझर तळव्याच्या खोलगटात भरेल इतकं घेऊन वाळेपर्यंत २० ते ३० सेकंद चोळायचं. साबण-पाण्याला एकूण ४० ते ६० सेकंद लागतात. अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या या तीन जागा हमखास राहतात. हात मळलेले दिसत असतील किंवा जुलाबाचा पेशंट येऊन गेला असेल तर सॅनिटायझर नाही, साबण-पाणीच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला पेशंट आत आला तर मुलाने बाहेर जावं. थांबणं भागच असेल तर एन-९५ मास्क लावून, खिडकीकडची हवा आपल्याकडून पेशंटकडे जाईल अशा बाजूला बसावं. दाढी असेल तर तो मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

सुईबद्दल तडजोड नाही. पडलेली सुई उचलायची नाही, टोपण लावायचं नाही, ट्रे सरकवायचा नाही. पिवळा, लाल, पांढरा, निळा असे कचऱ्याचे जे डबे दिसतात ते २०१६ च्या नियमांप्रमाणे असतात. त्यांत मुलाने बिस्किटाचा कागदही टाकू नये. इतकं पाळूनही कधी सुई टोचलीच तर जागा दाबून रक्त काढू नये, तोंडात बोट घालू नये, स्पिरिट ओतू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावं आणि त्याच क्षणी डॉक्टरांना सांगावं. एचआयव्ही प्रतिबंधाचं औषध लागलं तर ते शक्यतो दोन तासांत सुरू करायचं असतं, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. मूल ओरडा बसेल म्हणून लपवतं आणि संध्याकाळी घरी सांगतं, तोवर मोलाचे तास गेलेले असतात. पहिल्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी सांगून ठेवावं की टोचलं तर कुणी रागावणार नाही.

मोबाईल बंद करून पिशवीत. स्टेटसला रिकाम्या खुर्चीचा फोटो टाकला तरी मागे केसपेपर दिसतो. वहीत नाव, पत्ता, मोबाईल नंबर, नोंदणी क्रमांक लिहू नये, हे बहुतेकांना समजतं. यापुढचं कमी समजतं. "वय ५८, साखर पेठ, चादरीचा कारखाना, डावा पाय कापला" असं लिहिलं की नावाची गरजच उरत नाही. आपल्या शहरात पेठ, व्यवसाय आणि आजार सांगितला की माणूस ओळखू येतो. म्हणून "पन्नाशी उलटलेले गृहस्थ, मधुमेह, पायाची जखम" इथे थांबावं. घरी जेवताना आईने विचारलं तरी याहून जास्त सांगू नये. आणि वर्गमित्राची आई, शेजारचे काका आत आले तर ओळखीचं हसून बाहेर पडावं, नंतर रस्त्यात भेटले तर "आता बरं आहे का?" असं आपणहून विचारू नये.

प्रश्न कधी विचारायचे? पेशंट समोर असताना नाही. "सर, हा कॅन्सर असू शकतो का?" हा शिकण्याच्या उत्साहातला प्रश्न ऐकून समोरचा माणूस रात्रभर झोपत नाही. इंग्रजीत विचारला तरी "कॅन्सर" हा शब्द सगळ्यांना समजतो. प्रश्न वहीत लिहावेत आणि ओपीडी संपल्यावर त्यांतले तीनच विचारावेत.

ऑपरेशन थिएटर पहिल्या खेपेला नको, असं आमचं मत आहे. पुढे कधी गेलाच तर हिरव्या-निळ्या निर्जंतुक कापडापासून निदान एक फूट लांब राहावं, हात आपल्याच शरीराजवळ ठेवावेत, आणि गरगरलं तर टेबलाच्या दिशेने न झुकता मागे सरून खाली बसावं. चुकून कापडाला हात लागला तर लगेच सांगावं. कापड बदलता येतं, लपवलेला स्पर्श जखमेत पू करू शकतो. लेबर रूम आणि गरोदर बाईची सोनोग्राफी ही मुलांना दाखवायची ठिकाणं नव्हेत. सोनोग्राफीच्या खोलीला १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लागू आहे, तिथे तिऱ्हाईताने असण्याचं काही कारण नाही.

त्यापेक्षा एक सकाळ सिस्टरांच्या ट्रॉलीजवळ काढावी, एक तास औषधाच्या खिडकीशी उभं राहावं. लिहून दिलेल्या पाच औषधांपैकी दोनच घेऊन परत फिरणारा माणूस तिथे दिसतो. दवाखान्यातल्या मदतनीस मामा-मावशींना नमस्कार करावा, त्यांच्या वाटेत उभं राहू नये. स्ट्रेचर कोणत्या दाराने वळतं हे त्यांनाच माहीत असतं.

शेवटी आमच्या डॉक्टर मित्रांना विनंती. एका वेळी एकच विद्यार्थी घ्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी बोलावून कुठे बसायचं, बाहेर जा म्हणायची खूण कोणती, चक्कर आली तर काय करायचं, हे सांगा. ओपीडी संपल्यावर दहा मिनिटं त्याच्या प्रश्नांना द्या. एवढा वेळ नसेल तर सरळ नाही म्हणा, ओळखीचा संकोच धरू नका. आणि "आज येथे एक विद्यार्थी निरीक्षणासाठी आहे. आपली इच्छा नसल्यास कृपया सांगा, तो बाहेर थांबेल" असा फलक मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत करून घ्या. तो आपल्या केबिनच्या दारावर लावू नका, नोंदणीच्या खिडकीशी लावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तिथल्या माणसाने तो वाचून दाखवावा. केबिनच्या दारात पोचलेल्या पेशंटला नाही म्हणायला फार उशीर झालेला असतो.

आपले,
शहरातील काही डॉक्टर आणि परिचारिका,
सोलापूर